मायना

बोट होती तोवर माझा फळा चालला.
धक्क्यावर, तिकिटाच्या खिडकीला लागून,
मासळीच्या खोक्यांचं लाकूड ठोकून केलेला.
पंचवीस मिनिटं सगळ्यांनाच थांबावं लागे,
आणि थांबलेला माणूस काहीही वाचतो.

मी लिहायचे:
योआन्नेसच्या मेंढीला तिळं झालं, तिसरं काळं.
धुकं चर्चच्या गवती छपरावर बसलंय, उठायचं नाव नाही.
पफिन आले. अकरा एप्रिल. मागच्या सालापेक्षा दोन दिवस उशिरा.
शाळेतल्या पियानोचा एक सूर मुका झालाय,
लावायची किल्ली आहे का कुणाकडे?

कुणा एकासाठी असं नाही.
समोर उभा राहील त्याचं.

मग समुद्राखालून बोगदा आला.
फीत कापली, आम्ही सगळे त्यातून पलीकडे चालत गेलो,
तिथे सूप प्यायलो,
परत आलो.
सोमवारी बोट नव्हती.
गाड्या फळ्यासमोरून जायच्या, काचा वर करून.
यात कुणाचं चुकलं म्हणावं?
मी स्वतः बोगद्यातूनच दाताच्या डॉक्टरकडे जाते.

एका बुधवारी मुद्दाम लिहिलं: उद्या रविवार.
आठवडाभर कुणी
काही बोललं नाही.

तहानलेल्यानं विहिरीकडे जावं, हे खरं.
विहिरीनं किती दिवस वाट पाहावी
याबद्दल म्हण गप्प आहे.

तिकिटांच्या वहीत, मागच्या पानांवर, पत्ते होते.
कुणाची छत्री राहिलेली, कुणाचे सुटे पैसे,
कुणी नुसतंच लिहून ठेवलेलं.
एक्केचाळीस.
म्हटलं, फळ्यावरचं उतरवून काढू,
लिफाफे, तिकिटं, झालं.

पहिला कागद एल्सपाचा.
वरच लिहिलं: तिळं झालं, तिसरं काळं.
आणि वाचून पाहिलं तर
जणू मी दार न वाजवता
तिच्या स्वयंपाकघरात शिरून ओरडले होते.

फळ्याला मायना लागत नाही.
पत्राला लागतो.

प्रिय एल्सपा, असं लिहिलं
आणि हात भलतंच लिहू लागला:
तुझा नवरा त्या काळ्यावर पैज लावून बसला असता.
तोर्फिनला, तिकडे आल्बोर्गच्या गोदीत, फक्त पफिन पाठवले,
तारखेसकट, त्याला तेवढंच हवं असतं.
सुन्रीदच्या पत्रातून धुकं काढलं.
तिचा भाऊ धुक्यात गेला होता.
फळ्यावर ते तिनं कितीदा वाचलं असेल,
तिकीट हातात धरून,
माझ्याकडे बघून हसत.

म्हणजे धुकं चाळीस वेळा लिहिलं
आणि एकदा नाही लिहिलं.
त्या एकदाला सगळ्यात वेळ लागला.

मिकियाल दोन घरं सोडून राहतो.
त्यानं कुंपणावरून सांगितलं, मला नको पाठवू,
तू तशीही बोलतेसच.
त्याचं नाव खोडलं. जरा लागलं.
ओलिवुरचं परत आलं, शिक्का मारून:
या पत्त्यावर नाही.
आपलंच पत्र आपल्या दारात पडलेलं
मी तसंच उभ्यानं फोडलं, वाचलं.
बरं होतं.
प्रिय ओलिवुर, अशी सुरुवात होती.
फेकवेना. फळ्यावर टाचलं,
चार खिळे मारून, वाऱ्याचा काय भरवसा.
ओलिवुर कुठे असेल, ते विचारायला
आता फळ्याशिवाय दुसरं आहे काय माझ्याकडे?

परवा एक लहानसं पाकीट आलं.
शिक्का पुसलेला. आत वर्तमानपत्राचा तुकडा,
त्यात गुंडाळलेली पियानोची किल्ली.
सोबत चिठ्ठी नाही. सही नाही.
मायना नाही.

किल्ली खिडकीत ठेवली आहे.
पुढच्या वेळी चाळिसांनाही विचारायचंय
ती फिरवता कुणाला येते.